उतारवयातील स्वरांची सोबत

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. सर्व जैन संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने सिद्ध झाला, म्हणून जैन समाज त्यांचे स्मरण विशेष कृतज्ञतेने करतो. मात्र विनोबांचे वडील नरहर शंभुराव भावे यांची उत्तरायुष्यातील संगीतसाधना फारशी कोणास ठाऊक नाही. निवृत्तीनंतरचा वेळ कसा सार्थकी लावावा, या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर तीत दडलेले आहे.

या घरात सूर आधीपासूनच नांदत होता. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई घरकाम करता करता संतांची भजने गात. त्या इतक्या तल्लीन होत की, स्वयंपाकात मीठ घातले की नाही याचेही भान राहत नसे. त्या गाण्याला ना रंगमंच होता, ना तिकीट. ते संसाराच्या धबडग्यातच फुलत होते.

नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास स्थायिक झाले. ते वृत्तीने विज्ञाननिष्ठ आणि वस्त्रांच्या रंगकामातील जाणकार होते. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८८६ मध्येच गायनशाळा सुरू झाली होती आणि दरबारात नामवंत कलावंत होते. पुढे १९१६ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमात गेले. बाळकोबा आणि शिवाजी हे भाऊही त्याच वाटेने निघाले. १९१८ च्या इन्फ्लूएन्झाच्या साथीत रुक्मिणीबाई निवर्तल्या. घर बरेचसे रिते झाले.

उत्तरायुष्यात नरहरपंतांनी संगीताचा ध्यास घेतला. एका मुस्लिम उस्तादांकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि दिवसाचा बराचसा वेळ ते रियाजात घालवू लागले. एवढ्यावरच न थांबता नासिरखाँ यांचे मृदंगवादन आणि शेख राहतअली यांच्या ठुमऱ्या त्यांनी ग्रंथरूपाने प्रकाशित केल्या. जे ऐकले, शिकले, ते केवळ आपल्यापाशी न ठेवता पुढील पिढीच्या स्वाधीन केले. यालाच खरी गुंतवणूक म्हणावे.

ठुमरी आणि पखवाज यांची खरी गोडी बैठकीतच कळते. ठुमरीत एकच शब्द गायक निरनिराळ्या भावांनी आळवतो. त्यातील सूक्ष्म फरक समोर बसल्याखेरीज उमगत नाही. पखवाजाच्या डाव्या मुखावर वादक ओली कणीक लावतो आणि ती कमी-अधिक करून नाद जुळवतो. तो गंभीर नाद छोट्या खोलीत अंगावरून लहरत जातो. पाश्चात्त्य देशांतही मोजके वादक आणि मोजके श्रोते एका दालनात जमत, म्हणूनच त्या प्रकाराला ‘कक्षसंगीत’ अशा अर्थाचे नाव पडले. ध्वनिमुद्रण केव्हाही थांबवता येते, पुन्हा लावता येते. बैठकीतील तान मात्र त्या क्षणापुरतीच असते. ती जवळ बाळगता येत नाही. तिचा आस्वाद घेऊन ती सोडून द्यावी लागते. अपरिग्रहाचा हा केवढा कोमल पाठ!

संगीत जैन परंपरेला परके नाही. दिगंबर आचार्य पार्श्वदेव यांचा ‘संगीतसमयसार’ आणि श्वेतांबर मुनी सुधाकलश यांचा १३५० मधील ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे ग्रंथ त्याची साक्ष देतात. मंदिरातील स्तवने आणि भावना तर आजही आपल्या कानी पडतात. अनेक ज्येष्ठ मात्र आता रात्रीच्या जलशांना जाऊ शकत नाहीत. गुडघे दुखतात, परतीचे वाहन मिळत नाही, शिवाय चौविहार सांभाळायचा असतो.

यावर उपाय घरातच आहे. दुपारी चारच्या सुमारास दिवाणखान्यातील सामान बाजूला सारावे, सतरंजी अंथरावी, ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी चार खुर्च्या ठेवाव्यात. परिसरातील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला बोलवावे आणि त्याचे मानधन सन्मानाने द्यावे. तानपुरा, तबला, पेटी एवढी साथ पुरे. ध्वनिवर्धकाची गरज नाही. प्रहरही अनुकूल असतो: भीमपलासीने आरंभ करून मुलतानीपर्यंत यावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी सर्वांचे भोजन आटोपते. पंधरा श्रोते आले तरी बैठक भरली असे समजावे. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली, नातवंड मध्येच मांडीवर येऊन बसले, तरी रसभंग मानू नये. रुक्मिणीबाईंचे गाणेही अशाच संसारात रंगत होते.

आयुष्यभर ज्यांनी इतरांच्या वेळेचा हिशेब सांभाळला, त्यांच्या हाती आता स्वतःचा वेळ आला आहे. नरहरपंतांनी तो सुरांच्या चरणी वाहिला. प्रत्येकाला त्यांच्याइतका रियाज साधेल असे नाही. पण शेजारच्या दोन एकाकी वृद्धांना हात धरून बैठकीला आणणे कोणालाही साधेल. गाणे संपल्यावर ते घटकाभर अधिक रेंगाळले, तर त्या दिवसाचे सार्थक झाले.