सूर्याचा आठ आणि उभी पट्टी

मुलांनो, पुण्यात असाल तर गच्चीवर मीटरभर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी करा. आठवड्यातून एकदा, घड्याळात १२ वाजून ३५ मिनिटं झाली की सावलीच्या टोकावर पक्क्या रंगाचं टिंब द्या. बाराला का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. इथला मध्यान्ह सरासरी एवढा उशिरा होतो. पावसाळ्यात ढगांमुळे काही टिंबं राहतील, राहू द्या.

वर्ष सरलं की जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा उमटलेला दिसेल! डिसेंबरअखेरीस सावली उत्तरेला सुमारे ९० सेंटिमीटर, तर जूनच्या शेवटाकडे सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला, म्हणून सावली दक्षिणेला, जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. ही लांबण पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. पण टोक पूर्व-पश्चिमही हलतं, कारण तो कल आणि पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा मिळून सूर्याला कधी घड्याळाच्या पुढे नेतात, कधी मागे ठेवतात. दोन कारणांनी मिळून काढलेली ही आकृती मला आकाशातल्या कुठल्याही नक्षत्राहून देखणी वाटते.

आता हा आठ आलेखाच्या कागदावर उतरवा. उत्तर-दक्षिण अंतर आडव्या अक्षावर, पूर्व-पश्चिम उभ्या अक्षावर. हे फलन आहे का, म्हणजे आडव्या अक्षावरच्या प्रत्येक किमतीला उभ्या अक्षावर एकच किंमत मिळते का? पट्टी उभी धरा आणि डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. पट्टी कुठेही एकाहून जास्त बिंदूंना छेदत असेल, तर फलन नाही. इथे ती जवळजवळ सगळीकडे दोनदा छेदते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सावली उत्तरेला साधारण सारखीच जाते, पण नोव्हेंबरात टोक सुमारे आठ सेंटिमीटर पूर्वेला, फेब्रुवारीत सात सेंटिमीटर पश्चिमेला. एका विचारण्याला दोन उत्तरं आली. अक्षांची अदलाबदल करून पाहा, मग काही ठिकाणी चार-चार बिंदू सापडतात.

तेच निरीक्षण दुसऱ्या तऱ्हेनं मांडा. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर सूर्य आणि घड्याळ यांतला फरक. फेब्रुवारीत सूर्य सुमारे १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरात १६ मिनिटं पुढे. दोन चढ, दोन उतार असलेली लाट निघते. उभी पट्टी कुठेही धरा, बिंदू एकच. तारीख दिलीत की फरक ठरला, म्हणजे हे फलन झालं.

इथे बरीच मुलं अडतात. आडव्या पट्टीवर एकाहून जास्त बिंदू आले की त्यांना वाटतं, फलन मोडलं. नाही मोडत. निरनिराळ्या तारखांना फरक एकच असला तर हरकत काय? हरकत येते ती प्रश्न उलटा केल्यावर: फरक शून्य, तर तारीख कोणती? एप्रिलच्या मध्यात, जूनच्या मध्यात, सप्टेंबरच्या आरंभी आणि नाताळाच्या सुमारास, चारही तारखा तितक्याच खऱ्या.