सेवा-व्यवसायातील बक्षिसी : स्वरूप, मर्यादा आणि निकष

प्रस्तावना :
उपाहारगृहात बिल चुकते केल्यानंतर बडीशेपेच्या बशीत काही रक्कम ठेवण्याची प्रथा महाराष्ट्राच्या नागरी जीवनात रूढ झालेली आहे. तथापि ही रक्कम केव्हा व किती द्यावी, याबाबत ग्राहकाच्या मनात संभ्रम आढळतो. वेतन, सेवाशुल्क आणि बक्षिसी या तीन भिन्न गोष्टी एकच मानल्या जाणे, हे या संभ्रमाचे मूळ होय.

संकल्पना :
'बक्षीस' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द देणाऱ्याची खुशी सूचित करतो. दिवाळीला घरकाम करणाऱ्या स्त्रिया, इमारतीचे पहारेकरी इत्यादींना दिली जाणारी 'पोस्त' ही वर्षभराच्या सेवेची जाण असते. 'चिरीमिरी' या शब्दाला मात्र लाचेची छटा आहे.

कायदेशीर स्थिती :
अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बक्षिसी मिळविणाऱ्या कामगारास मालकाने तासाला केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालते. उर्वरित किमान वेतन बक्षिसीतून भरून निघावे, अशी अपेक्षा असते. हा दर १९९१ पासून बदललेला नाही. भारतातील किमान वेतनविषयक कायद्यात अशी वजावट नाही. कार्डाद्वारे आलेली बक्षिसी हॉटेलने कर्मचाऱ्यांत वाटली तरी ती मालकाने दिलेले वेतन ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. साहजिकच तिच्या आधारे भविष्यनिर्वाह निधीही साचत नाही. म्हणून बक्षिसी कितीही मिळाली, तरी ती योग्य वेतनाची जागा घेऊ शकत नाही.

सेवाशुल्काची बाब वेगळी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने मार्च २०२५ मध्ये ही तत्त्वे वैध ठरविली.

व्यवहारातील निकष :
१) प्रथम बिल वाचावे. सेवाशुल्क लावलेले असल्यास ते काढण्यास सांगता येते. स्वखुशीने भरल्यास वेगळी बक्षिसी देण्याचे कारण उरत नाही.
२) टेबलावर वाढले जाते अशा ठिकाणी कर वगळून ५ ते १० टक्के रक्कम पुरेशी मानावी, ८०० रुपयांच्या बिलावर ४० ते ८० रुपये. काउंटरवरून स्वतः पदार्थ आणावा लागल्यास बक्षिसीची अपेक्षा नसते.
३) रक्कम शक्यतो रोख व थेट द्यावी. मोबाईलवरून बिलापेक्षा अधिक भरलेली रक्कम मालकाच्या खात्यात जाते. ती वाढप्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.
४) भर पावसात किंवा उद्‌वाहक बंद असताना जिने चढून घरपोच सेवा देणाऱ्याच्या बाबतीत टक्केवारीपेक्षा श्रमांचा विचार करावा.
५) शासकीय कार्यालयात वा रुग्णालयात कामासाठी 'चहापाणी' देणे ही बक्षिसी नव्हे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमानुसार तो गुन्हा ठरतो.

समारोप :
सारांश, बक्षिसी ही ग्राहकाची कृतज्ञता आहे, तर वेतन ही मालकाची जबाबदारी आहे. या दोहोंतील सीमारेषा पुसली गेल्यास ग्राहकावर भार पडतो आणि कामगाराचा हक्क मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. ही सीमारेषा ओळखून दिलेली अल्प रक्कमही घेणाऱ्याचा सन्मान राखते.