‘आई, नक्की ना?’



या सदरात आपण मधुमेह, कोलेस्टेरॉल, निवृत्तीची बचत असे बरेच काही वाचतो. आज मी ज्या दुखण्याविषयी लिहिते आहे, त्याविषयी आपल्या पॉटलकमध्ये कुणी बोलत नाही. मीही दोन वर्षे बोलले नाही. ‘‘आई, तू लिही, फक्त माझं नाव घालू नकोस,’’ असे लेकीनेच सांगितले, म्हणून हे धाडस.

लेक तेव्हा नववीत होती. वारंवार हात धुवायची. सुरुवातीला मला त्याचे कौतुकच वाटले. सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. ‘‘आजीचं सोवळं नातीत उतरलंय,’’ असे मी मैत्रिणींना हसत सांगत होते. मग हातांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त येऊ लागले. सकाळची स्कूलबस चुकू लागली. धाकट्या भावाच्या ताटाला ती हात लावीना. खोदून विचारले तेव्हा रडत म्हणाली, ‘‘माझ्या हातून त्याला काहीतरी लागेल आणि तो मरेल.’’ आणि लगेच, ‘‘आई, नाही ना होणार तसं? नक्की ना?’’

‘‘नक्की, बाळा,’’ मी म्हणायची. ती जरा निवांत व्हायची. पाच मिनिटांनी पुन्हा, ‘‘नक्की ना?’’ एका रविवारी मी मोजायला बसले आणि चाळिसानंतर मोजणे सोडून दिले. आमचे हे इंजिनिअर. त्यांनी कागदावर जंतू, साबण, शक्यता असा सगळा हिशोब मांडून दाखवला. तिने तो शांतपणे पाहिला आणि म्हणाली, ‘‘बाबा, मला कळतं सगळं. पण तसं वाटतच नाही ना!’’

आम्ही ज्यांच्याकडे प्रथम गेलो त्या डॉक्टरांनी ‘वय आहे, शाळेचा ताण असेल’ असे सांगून हाताला लावायला मलम दिले. त्यात आठ महिने गेले. पुढे लहान मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांनी निदान केले: ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि त्याची भीती घालवण्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. आयुष्यात कधी ना कधी हा आजार शंभरातल्या साधारण दोन जणांना होतो. म्हणजे आपल्या गणेशोत्सवाला पाचशे माणसे जमली, तर त्यांत दहाएक जण असे असू शकतात.

सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगं, म्हणजे मंत्रचळच की!’’ आणि खरेच, मराठीत या आजाराला हाच शब्द वापरतात. पुढे त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. ‘‘माझं सोवळं नैवेद्य दाखवला की संपतं. मग मी स्वस्थ जेवते. या पोरीचं कधी संपतच नाही गं.’’

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळले की सासूबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवले होते.

आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, अ‍ॅमिग्डला. धोका दिसला की घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. भावना जागवणारी चित्रे वगैरे दाखवून मेंदूचे स्कॅन घेतलेले पंचवीस अभ्यास 2018 साली एकत्र तपासले गेले. ओसीडी असलेल्या लोकांच्या गटात हा भाग इतरांपेक्षा जास्त जागा होत होता. डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स हा भागही तसाच. एखादी गोष्ट आपल्या दृष्टीने बरी की वाईट, हे तोलण्याचे काम तो करतो. म्हणजे घंटा जोरात वाजते हे खरे.

पण मला जास्त पटला तो केंब्रिजचा 2017 सालचा प्रयोग. लोकांना स्कॅनरमध्ये दोन चेहरे दाखवले, एक हिरवा आणि एक लाल. त्यांतल्या एका चेहऱ्यानंतर कधीकधी मनगटाला विजेचा सौम्य झटका बसे. माणूस किती घाबरला आहे हे त्वचेवरच्या घामावरून मोजले. कोणता चेहरा धोक्याचा, हे ओसीडी असलेल्यांनाही इतरांसारखेच कळले. मग न सांगता अदलाबदल केली. धोक्याचा चेहरा आता सुरक्षित आणि सुरक्षित होता तो धोक्याचा. इतर लोकांचे शरीर लवकरच सरावले. ओसीडी असलेल्यांच्या शरीराने मात्र दोन चेहऱ्यांत फरक करणेच सोडले. जो आता निर्धोक होता त्यालाही ते घाबरत राहिले. कपाळामागच्या मेंदूच्या आतल्या-खालच्या भागात ‘आता धोका नाही’ असा जो संकेत इतरांमध्ये उमटत होता, तो यांच्यात दिसला नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. माझ्या मुलीला ‘भिऊ नकोस’ हे कळत होते. तिच्यात उमटत नव्हती ती ‘झालं, आता ठीक आहे’ ही भावना. तुम्ही-आम्ही हात धुतो, कुलूप ओढून पाहतो आणि ती भावना आपोआप येते, म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. तिला ती येत नव्हती, म्हणून ती ती माझ्याकडे मागत होती, दिवसातून चाळीस वेळा. मी ‘नक्की’ म्हटले की घटकाभर बरे वाटे, पण ते माझे समाधान होते, उसने. त्यातून तिचा मेंदू एवढेच शिकत होता की आईने सांगितल्याशिवाय सुटका नाही. प्रेमापोटी मी त्या आजाराला रोज खाऊ घालत होते.

इथे एक खबरदारी. स्कॅनमध्ये दिसणारे हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एका मुलाचा स्कॅन काढून ओसीडी आहे की नाही हे ठरवता येत नाही. तसे सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

उपचार दोन प्रकारचे. एक औषधे: फ्लुओक्सेटिन, सरट्रालिन, फ्लुवोक्झामिन या गटातली. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. सुरुवातीच्या दिवसांत मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने नीट लक्ष ठेवावे लागते आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात. दुसरा उपचार म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. ज्याची भीती वाटते ते थोडे थोडे करायचे आणि नंतरची ‘शांती’ करायची नाही. ही पद्धत 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी प्रथम मांडली. लॉस एंजेलिसमध्ये 1992 साली डॉ. लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने काही रुग्णांना गोळ्या आणि काहींना वर्तनोपचार दिले. जे बरे झाले त्यांच्या मेंदूत, दोन्ही गटांत, कॉडेट न्यूक्लियस या एकाच भागाची जादा धावपळ कमी झालेली दिसली. सराव हेही मेंदूपर्यंत पोहोचणारे औषधच आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

आमच्या थेरपिस्टबाईंनी लेकीला पहिला धडा दिला: टपालपेटी उघडायची, पत्रे आणायची आणि हात न धुता दहा मिनिटे बसायचे. मग वीस मिनिटे. मग त्याच हातांनी जेवणाचे टेबल मांडायचे. मलाही धडा होता. तिने ‘नक्की ना?’ विचारले की ‘‘तुला उत्तर हवंय हे मला कळतंय. उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते,’’ एवढेच म्हणायचे. पहिल्या आठवड्यात ती माझ्यावर ओरडली, दार आपटले. मी जिन्यात बसून रडले. सासूबाईंनी माझ्या हातात चहा दिला आणि काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तिने प्रश्न अर्ध्यात सोडला आणि म्हणाली, ‘‘राहू दे. तू काय म्हणणार ते मला माहीत आहे.’’

आता खर्चाचे. 2008 सालच्या केंद्रीय कायद्यानुसार, ज्या विम्यात मानसिक आजारांचा खर्च समाविष्ट आहे, त्यात शारीरिक आजारांपेक्षा जास्त कडक अटी घालता येत नाहीत. अडचण अशी की ईआरपी जाणणारे थेरपिस्ट बरेचदा विमा कंपनीच्या यादीत नसतात. अशा वेळी कंपनीला फोन करून ‘यादीतला ईआरपी करणारा माणूस द्या, नाहीतर बाहेरच्याला यादीतल्या दराने मंजुरी द्या’ अशी मागणी करावी. नकार आल्यास तो लेखी मागावा आणि अपील करावे. आम्ही तसे केले. पहिल्यांदा नकार आला, दुसऱ्यांदा मंजुरी. एचएसए किंवा एफएसए खात्यातले पैसेही थेरपीला वापरता येतात. थेरपिस्टला पहिल्याच फोनवर विचारा: तुम्ही ईआरपी करता का? माझ्या मुलाच्या वयाची किती मुले पाहिलीत? आईवडिलांना काय शिकवाल? बॉस्टनच्या इंटरनॅशनल ओसीडी फाउंडेशनकडे थेरपिस्टांची यादी मिळते.

लेक पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. परीक्षा आली की हात पुन्हा लाल होतात. पण यंदा मंडळाच्या गणपतीत तिने पंगतीला वाढले. भावाच्या पानात मोदक ठेवताना क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिले, विचारले मात्र काही नाही. ठेवला आणि पुढच्या पानाकडे गेली.

आपल्यापैकी कुणाच्या घरात असा न संपणारा प्रश्न असेल, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नका आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तर मुळीच नाही. मंडळाच्या कार्यक्रमात मी बहुधा स्वयंपाकघराच्या बाजूला सापडते. येऊन भेटा, दोन घटका बोलू.