साल निघावी, फोड फुटू नये

नरखेडच्या बागेतला आंबिया बहाराचा संत्रा हातात घ्या. देठाजवळ अंगठा रोवला की साल सुटून येते आणि फोडी जशाच्या तशा राहतात. नागपुरी संत्र्याची सालच मुळी ढिली. आता हेच काम डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रेणूवर करायचे आहे, असे समजा.

पेनिसिलिनच्या रेणूतही एक फोड असते आणि तिला चिकटलेली साल. फोडीत चार अणूंचे ताणलेले कडे असते, बीटा-लॅक्टम. जिवाणू मारण्याची ताकद त्या कड्यात. साल म्हणजे बाजूला लोंबणारी साखळी. बुरशीकडून मिळणारे पेनिसिलिन-जी पोटातल्या आम्लात टिकत नाही आणि बऱ्याच जिवाणूंपुढे त्याचे काही चालत नाही. १९५७ साली इंग्लंडमधल्या बीचम कंपनीच्या संशोधकांना नुसती फोड वेगळी करता आली. तिचे नाव सहा-एपीए. तिला नव्या साली चढवून पुढे अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही औषधे आली.

पण साल सोलायची कशी? ती ज्या अमाइड बंधाने चिकटलेली असते, त्याच जातीचा बंध कड्यातही असतो, आणि ताणामुळे तो जास्तच हळवा. जोर लावला की आधी फोडच फुटते. रसायनशास्त्राने यावर काढलेली वाट उणे ४० अंशांची, फॉस्फरस पेंटाक्लोराइडची आणि पाण्याचा थेंबही न खपणारी होती.

ई. कोलाय या जिवाणूजवळ मात्र पेनिसिलिन ॲसायलेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते साध्या पाण्यात, आपल्या अंगाच्या उबेइतक्या तापमानात, नेमका सालीचा बंध तोडते आणि कड्याला हात लावत नाही. मण्यांवर पक्के बसवले की तेच विकर शेकडो वेळा वापरता येते. सुटलेल्या सालीचे आम्ल होते, म्हणून वरून थोडे थोडे अल्कली सोडत राहावे लागते. अल्कली लागेनासे झाले की समजायचे, सोलणे संपले. परिस्थिती बदलली तर हेच विकर उलटे चालून नवी साल जोडूनही देते! औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंकडेही एक विकर असते, बीटा-लॅक्टमेज. ते नेमका दुसरा बंध तोडते, म्हणजे फोडच फोडते. बंधाची जात एकच. एका विकराने औषध घडते, दुसऱ्याने मातीमोल होते.

आपल्याकडे पेनिसिलिनचे गाव म्हणजे पिंपरी. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. लिंबूवर्गीय बागांत खैऱ्या रोगावर फवारले गेलेले स्ट्रेप्टोसायक्लिनही तिचेच, त्यामुळे नरखेडच्या बागाइतदारांना हे नाव परके नसावे. पिंपरीहून जवळच पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथल्या सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि एच. शिवरामन यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातील सहकाऱ्यांबरोबर पेनिसिलिन-व्ही ॲसायलेज या भावंड-विकराची अणू-अणूची रचना उलगडली. १९९९ साली ती प्रसिद्ध झाली.

त्या रचनेने एक नातेही उघड केले. या विकराचे जवळचे नातलग आपल्या आतड्यातल्या जिवाणूंमध्ये राहतात. पेनिसिलिनशी त्यांचा रोजचा संबंध नाही; ते तिथे आपल्या पित्तातले क्षार तोडत असतात.