रोजचे तेच ते काम कॉम्प्युटरला लावून द्या: धंद्याला याचा फायदा काय?

जून-जुलैमध्ये जव्हार किंवा मोखाड्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रावर जाऊन थोडा वेळ उभे राहा. प्रवेशाचे दिवस असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांची रांग लागलेली असते. खुर्चीवरचा मुलगा कागद स्कॅन करतो, फाईलचा आकार कमी करतो, तिला नाव देतो, फोल्डर शोधतो आणि पोर्टलवर चढवतो. मध्येच कोणी विचारते, "माझा दाखला आला का?" मग हातातले सोडून तो जुन्या फाईली चाळत बसतो. वांगणीसारख्या गावातून आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि 'उद्या या' ऐकून तो परत फिरतो.

या कामातला बराच भाग डोक्याचा नाही, हाताचा आहे. फाईलला नाव देणे, तारखेप्रमाणे फोल्डरमध्ये टाकणे, रात्री सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे, अपडेट टाकणे, जुन्या फाईली काढणे ही कामे रोज तशीच असतात आणि त्यांचे नियम ठरलेले असतात. ती एकदा लिहून कॉम्प्युटरला सांगून ठेवली, की ठरल्या वेळी तो आपोआप करतो. यालाच ऑटोमेशन म्हणतात. नाव मोठे असले तरी गोष्ट जुनी आहे. युनिक्स प्रणालीत ठरल्या वेळी काम सुरू करणारा 'क्रॉन' १९७० च्या दशकापासून आहे. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' आणि प्रती घेणारा 'रोबोकॉपी' आधीपासूनच असतात. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

पहिला फायदा वेळेचा. धरून चालू, की केंद्रावर दिवसाला ३० फाईली येतात आणि प्रत्येकीला नाव देऊन जागेवर ठेवायला दोन मिनिटे लागतात. दिवसाचा एक तास झाला. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर २५ तास, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांची पूर्ण हजेरी. त्या वेळात आणखी अर्ज भरून होतात आणि समोरच्या म्हाताऱ्या बाईला अर्ज का परत आला हे नीट समजावून सांगता येते. गिऱ्हाईक टिकते ते अशा बोलण्याने.

पण माझ्या मते खरा पैसा वाचतो तो दुसऱ्या ठिकाणी. माणूस कंटाळवाणे काम विसरतो. आज गर्दी होती, बॅकअप उद्या घेऊ. अपडेटची खिडकी आली, 'नंतर'वर बोट ठेवले. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी 'नंतर' म्हटले त्यांच्यातले कितीतरी अडकले.

दीड महिन्याने असाच फटका आपल्या किनाऱ्यावर बसला. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' व्हायरसने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जाळे पाडले. न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातले गेटवे टर्मिनल त्याच समूहाकडून चालवले जात होते. तिथले कामकाज ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच बंद पडली तर क्रेन असून उपयोग काय? मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज कंपनीने २५ ते ३० कोटी डॉलर इतका दिला.

या प्रकरणातली एक गोष्ट मोखाड्याच्या माणसाला लगेच पटेल. कोणता कर्मचारी कोण आणि त्याला कशाचा अधिकार, ही नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे होते. ते आपोआप एकमेकांची प्रत घेत असत. म्हणून एक गेला तरी बाकीचे आहेत, असा सगळ्यांचा समज होता. व्हायरसने सगळेच पुसले. वाचला तो घानातला एकच, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. वीज गेली की आपण महावितरणच्या नावाने बोटे मोडतो. इथे त्या अंधाराने कंपनी वाचवली.

म्हणजे नुसते आपोआप होणे पुरेसे नाही. कायम जोडलेल्या डिस्कवरची प्रत मूळ फाईलबरोबरच मरते. आठवड्याची एक प्रत काढून कपाटात ठेवायची, हे काम माणसाचेच आहे.

जुन्या फाईलींचे काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी केंद्रांना विचारायला हवा. लोकांचे आधार, पासबुक, जातीचे दाखले 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. शेजारी बसलेला कोणीही ते पाहू शकतो. विंडोजच्या 'स्टोरेज सेन्स'मध्ये या फोल्डरमधल्या न उघडलेल्या फाईली १४, ३० किंवा ६० दिवसांनी आपोआप काढण्याची सोय आहे. ती सुरू करायला एक मिनिट लागते. आधी गरजेच्या फाईली दुसरीकडे हलवा, एवढेच. मात्र पोर्टलवर लोकांच्या नावाने आपोआप लॉगिन करणे, ओटीपी दुसरीकडे वळवणे असले 'शॉर्टकट' कोणी शिकवत असेल तर लांब राहा. तो फायदा नव्हे, गुन्ह्याला आमंत्रण आहे.

आता नोकरीचा मुद्दा, कारण तरुण तोच विचारतात. ऐरोली-हिंजवडीत आपल्या वस्त्यांतली मुले पहिली पायरी म्हणून ज्या कामावर लागतात ते काम म्हणजे पासवर्ड बदलून देणे, नवे खाते उघडणे, तक्रार नोंदवणे. ऑटोमेशन आधी नेमके हेच काम घेते. कंपनीचा खर्च वाचतो, पण वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो? बाबासाहेबांनी १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जगणे नाही, हा त्यांचा रोख होता. यंत्रापासून मिळणारा लाभ मोजक्यांच्या हाती जातो, हा दोष ते यंत्राचा नव्हे तर समाजरचनेचा मानत. तेव्हा यंत्राला विरोध करून आपले भले होणार नाही. पण विहारात भरणारे आपले मार्गदर्शन शिबिर एमएस-सीआयटी आणि टायपिंगवर थांबते, हे चालणार नाही. त्यापुढे पॉवरशेल किंवा पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहायला शिकवावे. बॅकअपची बटणे दाबणाऱ्याची जागा जाते. तो बॅकअप लिहून लावणारा आणि बिघडला तर दुरुस्त करणारा मात्र लागतोच.

बिघडतेही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीचे एक सदोष अपडेट आपोआप पोहोचले आणि सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ज्याला हाताने काम कसे करायचे आठवत होते, त्याचे काउंटर चालू राहिले. म्हणून केंद्रात एक वही असू द्या. कोणते काम आपोआप होते, किती वाजता आणि बंद पडले तर हाताने कसे करायचे, हे तीत लिहा. लावणारा मुलगा उद्या ठाण्याला नोकरीला गेला तरी केंद्र अडत नाही.

सुरुवात एकाच कामाने करा, बॅकअपने. आपल्या भागात रात्री दोनची वेळ लावू नका, तेव्हा मशीन बंद असते. दुपारच्या जेवणाची वेळ बरी. टास्क शेड्युलरमध्ये चुकलेले काम मशीन सुरू होताच करण्याचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. पावसाळ्यात तोच उपयोगी पडतो. महिन्यातून एकदा डिस्कवरची कोणतीही एक फाईल उघडून पाहा. ती उघडली तरच बॅकअप झाला असे समजा.