गाडी थरथरते? आधी व्होल्ट मोजा!

शुक्रवारची संध्याकाळ, जुलैचा धो धो पाऊस आणि हिंजवडीहून घरी निघालेल्या गाड्यांची न संपणारी रांग. एसी, वायपर, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर, मोबाइलचा चार्जर आणि एफएम... सगळं एकदम चालू. वाकडच्या अलीकडे ट्रॅफिक ठप्प झालं आणि माझ्या पेट्रोल हॅचबॅकचं स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. आरपीएमचा काटा खाली आला, वर गेला, परत खाली. त्याच तालावर हेडलाइट मंद-तेज, मंद-तेज. मागच्याचा हॉर्न तर चालूच!

शनिवारी सकाळी मी तेच केलं, जे आपण सगळे करतो. बॅटरी बदलून टाकली. साडेचार हजार रुपये गेले, पण म्हटलं, कटकट तर मिटली. घरी येईपर्यंत गाडी सिग्नलला दोनदा बंद पडली. म्हणजे आधीपेक्षाही वाईट!

रविवारी कॉलनीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘बॅटरी बदलायला कुणी सांगितलं?’

‘कुणीच नाही, मलाच वाटलं.’

‘वाटण्यावर गाडी चालत नाही, साहेब. मीटर लावू.’

कोंबडी आधी की अंडं?

इंजिन चालू असताना गाडीला वीज देतो तो मुख्यतः अल्टरनेटर. गॅरेजमध्ये त्याला अजूनही ‘डायनमो’च म्हणतात. इंजिनवरच्या बेल्टने तो फिरतो. गाडी उभी असताना इंजिनचे फेरे साधारण 700 ते 900 आरपीएम असतात, त्यामुळे अल्टरनेटरही तेव्हाच सगळ्यात कमी वीज बनवतो. आणि पावसाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये आपण विजेचा सगळ्यात जास्त खर्च कधी करतो? नेमका तेव्हाच!

आता गंमत बघा. आयडलिंग बिघडलं की अल्टरनेटर मंदावतो आणि व्होल्टेज पडतं. उलट व्होल्टेज आधी पडलं, तर इंजेक्टर उघडायला वेळ घेतात, इग्निशन कॉइल नीट भरत नाही, पेट्रोल पंप मंदावतो. गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू हे काही प्रमाणात सांभाळून घेतो, पण त्याच्याही हाताबाहेर गेलं की इंजिन ‘मिसिंग’ करायला लागतं. दोन वेगळे आजार, लक्षणं मात्र सेम टू सेम. म्हणून आधी शोधायचं, सुरुवात कुणी केली?

पाच मिनिटांची तपासणी

यासाठी लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर. पाचशे रुपयांच्या आत मिळतो, म्हणजे वीकेंडच्या एका पिझ्झाएवढा खर्च. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, मीटर डीसी 20 व्होल्टवर. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला.

• सकाळी गाडी सुरू करण्याआधी: 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल चार्ज. 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. 12 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा.

• सेल्फ मारताना: चार्ज असलेल्या बॅटरीचा आकडा 10 च्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

• गाडी सुरू, बाकी सगळं बंद: साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट. सतत 15 च्या वर दिसलं, तर रेग्युलेटर दाखवून घ्या. बॅटरी उकळून निघेल.

• एसी, हेडलाइट, डिफॉगर चालू: आकडा थोडा उतरणारच, पण 13 च्या वर राहायला हवा. खाली गेला तर कुणाला तरी हलकी रेस द्यायला सांगा, 2000 आरपीएमपर्यंत. आकडा झटकन 14 कडे गेला, तर बहुतेक वेळा दोष आयडलिंगचा. नाहीच हलला, तर बेल्ट, अल्टरनेटर किंवा वायरिंग बघायचं.

• शेवटची, जी कुणीच करत नाही: सगळं चालू असताना काळी वायर बॅटरीच्या मायनसला आणि लाल इंजिनच्या उघड्या धातूला. आकड्यामागे उणे चिन्ह आलं तरी घाबरू नका. 0.2 पेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब.

नव्या काही गाड्यांत, विशेषतः माइल्ड हायब्रिडमध्ये, पेट्रोल वाचवण्यासाठी अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त चार्ज करतो. तिथे एका रीडिंगवरून निष्कर्ष काढू नका. आणि कोणत्याही गाडीतल्या जाड नारिंगी केबलना हात लावायचा नाही. त्या हाय व्होल्टेजच्या असतात.

मग माझ्या गाडीचं काय झालं होतं?

सगळं चालू केल्यावर आकडा 12.7. रेस दिली तरी 13.2 च्या वर जाईना. काकांनी शेवटची टेस्ट केली, मीटरवर 0.9! बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी पडली होती. पट्टी बदलली, नट घासून घट्ट केले. आकडा 13.9.

थरथर मात्र बाकी होती. ती थ्रॉटल बॉडीतल्या कार्बनची. तिथे काजळी साठली की आयडलिंगला लागणारी हवा अडते. ईसीयू हळूहळू ते शिकून घेतो आणि थ्रॉटल थोडा जास्त उघडून काम चालवतो. मी बॅटरी काढली, तेव्हा त्याची ही शिकवणी पुसली गेली. म्हणून नवी बॅटरी बसवल्यावर गाडी बंद पडायला लागली होती! थ्रॉटल साफ झाला, आयडल नव्याने सेट झालं आणि काटा 800 वर शांत उभा राहिला. सगळा खर्च मिळून बॅटरीच्या निम्माही नाही.

व्होल्टेज ठीक असूनही गाडी थरथरत असेल, तर थ्रॉटलसोबत स्पार्क प्लग आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप तपासायला सांगा. फाटलेल्या पाइपातून ‘सूं’ असा आवाज येतो. स्कॅनरही मदत करतो. पी0300 म्हणजे मिसफायर, पी0171 म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, पी0562 म्हणजे व्होल्टेज कमी. पण लक्षात ठेवा, कोड आजाराचं नाव सांगतो, कारण नाही.

हे मात्र करू नका

‘गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढ, बंद पडली तर अल्टरनेटर गेला,’ हा जुना सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईलच. आजच्या गाड्यांत त्या एका झटक्यात ईसीयू जळू शकतो. बॉनेट उघडं असताना ओढणी, टाय आणि मोकळे केस बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

आणि रात्री एक्सप्रेस-वेच्या घाटात बॅटरीचा लाल दिवा लागलाच, तर? एसी, डिफॉगर, म्युझिक बंद. हेडलाइट चालूच. इंजिन बंद करू नका, परत सुरू होईलच याची खात्री नाही. जवळची सुरक्षित, उजेडाची जागा गाठा. सोबत इंजिनचं तापमान वाढायला लागलं, तर मात्र शक्य तितक्या लवकर बाजूला घेऊन थांबा. काही गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो.

गॅरेजमध्ये जाताना ‘गाडी थरथरते’ एवढंच सांगू नका. ‘बंद असताना 12.6, लोडवर 12.7, रेस दिली तर 13.2’ असं सांगा. समोरचा माणूस सरळ बसतो आणि बिलही जरा सरळ येतं.

माझी जुनी बॅटरी? ती मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली होती. ठणठणीत होती का, ते आता कधीच कळणार नाही. तेव्हा मी मीटर लावलाच नव्हता ना!