गावच्या बेंजोचे गाणे चित्रात कसे आणावे



मुंबईहून नाशिकच्या रस्त्याला लागलात, खारेगावच्या पुढे खाडी ओलांडलीत, की थोड्याच वेळात मानकोली नाका येतो. भिवंडी तालुक्यातले हे गाव. एके काळी इथे दोन्ही अंगांना भाताची खाचरे होती. आता पुष्कळशा खाचरांवर गोदामे उभी आहेत आणि अवजड ट्रकांची रांग रात्रंदिवस चालू असते. पण मानकोली, अंजूर, दापोडे, पिंपळास या आगरी वस्तीच्या गावांत अजूनही मांडव पडतो, हळदीची रात्र जागते आणि त्या रात्री बेंजो वाजतो.

शाळा-कॉलेजांतल्या मुलांना हल्ली प्रकल्प करायचा असतो. मोबाइल फोन हाती असतो, त्यात कॅमेरा असतो. गावातल्या बेंजो पार्टीचे एखादे गाणे चित्रित करावे असे मुलांच्या मनात आले तर त्यात नवल नाही. शिक्षक बंधू-भगिनींनो, मुलांना जरूर करू द्या. आता तुम्ही म्हणाल, चित्राची गोष्ट रेडिओवर कशाला? त्याचे कारण असे, की हे काम डोळ्यांचे कमी आणि कानांचे जास्त आहे. मुले नेमकी इथेच फसतात. मिरवणुकीत शिरतात, फोन उंच धरतात, वाजते ते टिपतात. घरी येऊन पाहतात तर ढोलाच्या दणक्यात बेंजो बुडालेला, मधूनच ट्रकचा भोंगा, आणि चित्राचे दोन तुकडे जोडले की लय तुटलेली!

हीच अडचण आपल्या बोलपटांना सुरुवातीला आली होती. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली निघाला. त्या काळी नटानटींना आपली पदे कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावी लागत. दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या होत्या, त्यांनाही ते चुकले नाही. साथीदार बसत कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, आणि कोणी चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. पुढे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ हा बंगाली आणि ‘धूपछाँव’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यांत गाणे आधी स्वतंत्र मुद्रित केले आणि चित्रणाच्या वेळी ते वाजवून त्याबरहुकूम नटांकडून ओठ हलवून घेतले. आधी गाणे, मग चित्र. मुलांनीही हाच क्रम धरावा.

यामागे साधा हिशेब आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे वाजवणारे तुमच्यापासून ३४ मीटरांवर असतील, तर ढोलावर टिपरू पडलेले दिसते आणि आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने मागून येतो. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर तेवढ्यात दोन-तीन चित्रे सरकून जातात. ही चूक कोणाला नाव देऊन सांगता येत नाही, पण बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. तीन मिनिटांच्या गाण्यात अशी ४५०० चित्रे असतात. दोन फोन वापरणार असाल तर दोन्हींत सेकंदाच्या चित्रांचा आकडा एकच ठेवा, २५ तरी किंवा ३० तरी.

आता वाद्याकडे येऊ. आपण ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला गोल, कातडी मढवलेला बँजो नव्हे. याचे मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य निघाले. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा; डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झाले. पुढे त्याला विजेची वायर जोडली गेली, मोठे भोंगे आले आणि मुंबई-ठाण्याच्या गल्ल्यांतून ते बेंजो म्हणून गाजले. या वायरीचा मुद्रणाला मोठा फायदा आहे. बेंजोचा आवाज भोंग्यातून बाहेर काढून पुन्हा माइकने गोळा करण्याची गरजच नाही, तो वायरीतूनच थेट घेता येतो. ढोलकी, ताशा यांना मात्र माइक लागतो, तोही हातभर लांबूनच. ताशाच्या तोंडाशी माइक नेलात तर आवाज फाटलाच म्हणून समजा.

गाणे कोणते घ्यावे? मुलांना सिनेमातले हवे असते. मी म्हणेन, त्याआधी घरातल्या आजीला विचारा. आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. हा प्रकार मराठीत फार जुना. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात धवळेच रचले, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो. सातशे वर्षांहून जुनी ही जात आपल्या मांडवात अजून जिवंत आहे, पण भोंगे लागले की ती कोणाला ऐकू येत नाही. बेंजोवाल्याला आणि धवलारणीला एका खोलीत आणून बसवले, तर मुलांच्या हातून खरे काम झाले.

मात्र इथे एक काळजी घ्या. बेंजो पार्टीचा ठेका बांधीव असतो. धवला म्हणणारी बाई श्वासाप्रमाणे थांबते, शब्द लांबवते, मध्येच नवऱ्या मुलीच्या मामाचे नाव घालते. तिच्या कानात टकटक ठेका घालून तिला गायला लावाल, तर सूर राहील पण धवला जाईल. आधी तिला एकटीला गाऊ द्या, तिच्याच पट्टीत. बेंजोच्या तारा तिच्या सुराला लावून घ्या. तारा उतरतात-चढतात, सत्तर वर्षांचा गळा चढवता येत नाही. मग वाजवणाऱ्यांनी तिचे गाणे कानाला लावून ऐकावे आणि तिच्या थांबण्याप्रमाणे आपले तुकडे भरावेत. याला दोन दिवस जास्त लागतील. लागू द्यावेत.

मुद्रणाला जागा कोणती? गोदाम रिकामे मिळत असले तरी घेऊ नका. पत्रा आणि सिमेंटच्या भिंती, एक टाळी वाजवली की तिचे प्रतिध्वनी घुमत राहतात. त्यापेक्षा घरातली माजघराची खोली बरी. भिंतींना गोधड्या टांगा, खाली चटया अंथरा, कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याच्या गुंड्या रचा. मऊ वस्तू आवाज पितात. खिडकी हमरस्त्याच्या बाजूला नसावी. पंखा बंद, फोनची रिंग बंद. शेजारी यंत्रमाग असेल तर तो थांबण्याची वेळ विचारून घ्या.

आणि महिना कोणता? लग्नसराईत पार्टीला सुपारी असते. त्या दिवशी तुमच्याकडे आलेल्या वादकाची एका दिवसाची कमाई बुडते. आषाढ-श्रावणात तो मोकळा असतो, पण पत्र्यावर पाऊस वाजतो. भाद्रपदात गणपती. मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी सांगेन, तुळशीचे लग्न लागायच्या आत. पाऊस गेलेला, लग्ने सुरू व्हायची, पेंढा अंगणातच. कापणी-झोडणीची घाई असते हे खरे, म्हणून घरच्यांना विचारून दिवस धरावा. वादकांना त्या दिवसाची हजेरी मिळेल अशीही सोय शाळेने पाहावी. चहा आणि नारळावर भागवू नये.

गाणे हाती आले की चित्रण सोपे. ते एका लहान भोंग्यावर लावा आणि सगळ्यांनी त्यावर वाजवावे. दर वेळी सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी द्या. तोडजोड करताना त्याच टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. अख्खे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत चार-पाच वेळा घ्या: एकदा सगळे दिसतील असे लांबून, एकदा नुसते बेंजोवरचे हात, एकदा ढोलकी, एकदा धवलारणीचा चेहरा. बेंजोवाल्याची बोटे खऱ्या कळांवरच पडली पाहिजेत, कारण गावात ते ओळखणारे पुष्कळ असतात. भर दुपारचे ऊन टाळा. टोपीच्या सावलीत डोळे हरवतात. हमरस्त्यावर उभे राहून चित्र घेण्याचे धाडस तर मुळीच नको. मागे गोदाम दिसते म्हणून तोंड फिरवून बसू नका. जे गाव आहे ते तसेच दिसू द्या.

शेवटी कायद्याचे दोन शब्द, कारण खरा घोटाळा इथे होतो. लग्नाच्या वरातीत सिनेमाचे गाणे वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मोकळीक आहे. ‘वरातीत चालते, मग इंटरनेटवर का नाही?’ असे मुले विचारतात. नाही चालत. मोकळीक वाजवण्यापुरती आहे. त्याचे चित्र करून जगापुढे ठेवायचे तर गाण्याच्या मालकाची परवानगी हवी. धवल्याला असा ज्ञात कर्ता नसतो. पण म्हणून तो बेवारस नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्यालाही आपापल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. केवळ वर्गात शिकवण्यासाठी मुद्रण केले तर सवलत आहे, बाहेर प्रसिद्ध करायचे तर त्यांची संमती घ्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने तर कलाकार म्हणून आपले नाव सांगितले जाण्याचा हक्कही दिला.

म्हणून चित्रणाच्या आधी एक कागद करावा, साध्या मराठीत. गाणे कुठे दाखवणार, इंटरनेटवर ठेवणार की नाही, पैसे मिळाले तर कोणाला किती, एवढे त्यात असावे. तो धवलारणीला मोठ्याने वाचून दाखवा. ती ‘लग्नातला धवला लोकांना दाखवू नका, मांडवापुरता राहू द्या’ म्हणाली, तर ते गाणे शाळेपुरतेच ठेवा आणि प्रसिद्ध करायला दुसरे निवडा. चित्रात मुले दिसणार असतील तर त्यांच्या आईवडिलांनाही विचारा.

चित्राच्या अखेरीस नावे येतात ती घाईने पळवू नका. दिग्दर्शक म्हणून दहा विद्यार्थी आणि वादकांच्या जागी नुसते ‘गावची बेंजो पार्टी’, असे पुष्कळदा दिसते. ढोलकी कोणी वाजवली, ताशा कोणी, धवला कोणी म्हटला, तिचे माहेर कोणते, तिने तो कोणाकडून घेतला, हे सारे अक्षरांत येऊ द्या. एक प्रत पार्टीच्या मालकाला द्या, पुढच्या सुपारीच्या वेळी त्याला ती दाखवता येईल. एक धवलारणीच्या नातवाच्या फोनवर घाला. आणि तिच्या एकटीच्या गाण्याचे जे पहिले मुद्रण केलेत, बेंजो मिसळण्यापूर्वीचे, ते तारीख-वार घालून शाळेच्या कपाटात वेगळे ठेवा.